आधी भाकीत, मग मोजणी: रेणूंमधील अतिवेगवान हालचालींच्या गणिताचा आढावा

प्रकाशाचा एक कण डोळ्याच्या पडद्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनावर पडतो तेव्हा त्यातल्या रेटिनल रेणूचा एक दुहेरी बंध पिळवटतो आणि रेणूचा आकार बदलतो. पाहण्याच्या क्रियेची ही पहिली पायरी. १९९१ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी तिचा वेळ मोजला तेव्हा सारे काही २०० फेमटोसेकंदांत आटोपते असे दिसले. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेमटोसेकंद. या मोजणीच्या पंधरा वर्षे आधी, १९७६ मध्ये, आरिये वॉर्शेल यांनी हीच क्रिया संगणकावर उभी केली होती. बंध कसा वळेल आणि हे वळणे एका पिकोसेकंदाहूनही, म्हणजे हजार फेमटोसेकंदांहूनही, कितीतरी कमी वेळात कसे पुरे होईल, हे त्यांनी सांगितले होते. तेव्हा इतका छोटा काळ मोजू शकणारी लेसर यंत्रे नव्हती.

इथे गणिताने आधी सांगितले आणि मोजणीने नंतर दुजोरा दिला. रेणूंमधील अतिवेगवान हालचालींच्या अभ्यासात हा क्रम फार थोड्या वेळा पाळला गेला आहे. बहुतेक वेळा प्रयोग आधी होतो, आलेखात एखादा चढउतार दिसतो आणि मग सिम्युलेशन त्याचा अर्थ लावते. उत्तर माहीत असताना पद्धत निवडली की ती जुळण्याची शक्यता आपोआप वाढते. म्हणूनच या क्षेत्राचा आढावा घेताना पद्धतींची यादी पुरेशी नाही. कोणत्या गणितावर किती भरवसा ठेवायचा आणि तो कसा तपासायचा, हा आज या क्षेत्रापुढचा मुख्य प्रश्न आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

श्रोडिंगर यांचे समीकरण १९२६ चे. रसायनशास्त्राच्या मोठ्या भागाला लागणारे मूलभूत नियम हाती आले आहेत, पण त्यांतून निघणारी समीकरणे सोडवण्यापलीकडची आहेत, असे पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच नोंदवले. समीकरण ठाऊक असूनही उत्तर काढता येत नाही, ही स्थिती मोठ्या रेणूंच्या बाबतीत अजून कायम आहे.

त्यातून पहिली वाट काढली ती मॅक्स बॉर्न आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांनी, १९२७ मध्ये ग्योटिंगेन इथे. सर्वांत हलके केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. तोही इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड. कार्बन किंवा नायट्रोजनचे केंद्रक तर वीस-पंचवीस हजार पट. रानातून संथ चालणाऱ्या म्हशीभोवती माश्या घोंगावतात. म्हैस पाऊल टाकते आणि माश्यांचा घोळका त्याच क्षणी तिच्या नव्या जागेभोवती जमतो. केंद्रके आणि इलेक्ट्रॉन यांचे नाते साधारण असेच धरले, तर हिशेब दोन टप्प्यांत विभागता येतो. आधी केंद्रके एका जागी स्थिर मानून इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काढायची. केंद्रकांच्या प्रत्येक मांडणीसाठी असे केले की ऊर्जेचा एक पृष्ठभाग मिळतो, त्याला ऊर्जापृष्ठ म्हणू. मग त्या पृष्ठावर केंद्रकांची हालचाल सोडवायची. रेणूंचे आकार, कंपने, उष्णतेवर चालणाऱ्या बहुतेक अभिक्रिया हे सारे या विभागणीने उत्तम समजते.

प्रकाश पडला की ही विभागणी डळमळते. इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापृष्ठावर जातात, तिथे अनेक पृष्ठे एकमेकांजवळ असतात आणि काही ठिकाणी दोन पृष्ठे चक्क एकमेकांना टेकतात. टेकण्याच्या जागी वरचे पृष्ठ उलट्या आणि खालचे सुलट्या शंकूसारखे दिसते, म्हणून त्याला कोनिकल इंटरसेक्शन म्हणतात. आपण शंकुछेद म्हणू. तिथे इलेक्ट्रॉनांच्या दोन अवस्थांमधले अंतर शून्यावर येते, केंद्रकांची गती त्यांच्या तुलनेत संथ राहत नाही आणि दोघांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. दोन पृष्ठे कधी छेदू शकतात याचा नियम फॉन नॉयमन आणि विग्नर यांनी १९२९ मध्ये मांडला, तर प्रकाशाने उत्तेजित झालेले रेणू अशा छेदांतून झपाट्याने खाली येऊ शकतील, हे एडवर्ड टेलर यांनी १९३७ मध्ये दाखवले.

तरीही अनेक दशके शंकुछेद ही अपवादात्मक गोष्ट मानली जाई. १९९० च्या दशकात लंडनचे मायकेल रॉब, इटलीतील बर्नार्डी आणि ओलिवुच्ची यांच्या गणितांनी चित्र पालटले: सेंद्रिय रेणूंच्या प्रकाशरसायनात शंकुछेद पावलोपावली आहेत. डीएनएचे चारही आधाररेणू अतिनील किरण शोषल्यावर मुख्यतः एका पिकोसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळात ती ऊर्जा उष्णतेत टाकून मोकळे होतात, ते अशाच छेदांमुळे. उन्हात वावरणाऱ्या सजीवांचा वारसा टिकतो, यात या वेगाचा वाटा आहे.

गतीच्या हिशेबाच्या तीन वाटा

केंद्रकेही पुंजभौतिकीच्याच नियमांनी चालतात. त्यांचे तरंगफल काळानुसार सोडवायचे, तर सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक कंपनासाठी बिंदूंची जाळी मांडणे. पाण्याच्या रेणूत कंपनाचे तीन प्रकार. प्रत्येकी दहा बिंदू घेतले तर हजार आकडे साठवावे लागतात. पायराझिन या दहा अणूंच्या रेणूत २४ कंपनप्रकार आहेत. तिथे एकावर चोवीस शून्ये इतके आकडे लागतील आणि ते मावतील असा संगणक जगात नाही.

या भिंतीला खिंडार पाडले ते हायडेलबर्गच्या हान्स-डीटर मायर, उवे मान्थे आणि लोरेन्झ सेडरबाउम यांनी, १९९० मध्ये. त्यांच्या एमसीटीडीएच या पद्धतीत जाळी स्थिर नसते. तरंगफल व्यक्त करणारी मूळ फलेच तरंगाबरोबर बदलत जातात, त्यामुळे जिथे तरंग आहे तिथेच मेहनत खर्च होते. १९९९ मध्ये याच गटाने पायराझिनचे सर्व २४ कंपनप्रकार एकत्र घेऊन गणित केले आणि त्यातून निघालेला वर्णपट प्रयोगाशी जुळला. पुढे २००३ मध्ये हाओबिन वांग आणि मिखाएल टॉस यांनी या पद्धतीचे अनेक थर रचले आणि शेकडो कंपनांपर्यंत मजल गेली. या वाटेची अट एकच, पण कठोर आहे: ऊर्जापृष्ठे आधीच सोप्या सूत्रांच्या रूपात हाती हवीत. रेणू फार वाकडातिकडा झाला, बंध तुटले, की ती सूत्रे अपुरी पडतात.

दुसरी वाट व्यवहारात सर्वाधिक वापरली जाते. १९७१ मध्ये जॉन टली आणि रिचर्ड प्रेस्टन यांनी प्रोटॉन आणि ड्यूटेरियम रेणू यांच्या टकरीसाठी, आणि १९९० मध्ये टली यांनी सर्वसाधारण रूपात मांडलेली ही सरफेस हॉपिंग पद्धत. यात केंद्रके न्यूटनच्या नियमांनी एका वेळी एकाच पृष्ठावर चालतात. इलेक्ट्रॉनांचे समीकरण सोबत सोडवले जाते आणि त्यातून निघालेल्या संभाव्यतेनुसार रेणू एका पृष्ठावरून दुसऱ्यावर उडी घेतो. अशा उड्या शक्य तितक्या कमी ठेवायच्या, हे टली यांच्या कृतीचे मर्म. एक मार्ग काहीच सांगत नाही. शेकडो मार्ग चालवून सरासरी काढावी लागते. ऊर्जापृष्ठे आधी लागत नाहीत, वाटेत जिथे रेणू असेल तिथली ऊर्जा तेवढ्यापुरती काढली जाते. बंध कितीही वळोत वा तुटोत, गणित पुढे चालते. व्हिएन्नातील शार्क प्रणालीने यात इलेक्ट्रॉनांच्या फिरकीचे परिणामही आणले, त्यामुळे जड अणू असलेल्या रेणूंचा रस्ता खुला झाला.

सरफेस हॉपिंगची उणीवही जाणकारांना ठाऊक आहे. प्रत्यक्षात दोन पृष्ठांवर गेलेले तरंगाचे दोन भाग वेगवेगळ्या दिशांना जातात आणि त्यांच्यातली सुसंगती, म्हणजे लयीचा मेळ, मोडते. सरफेस हॉपिंगमध्ये एकाच मार्गावर दोन्ही अवस्थांचा हिशेब होत राहतो, त्यामुळे ही सुसंगती आपोआप मोडत नाही. ती बाहेरून मोडावी लागते. तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात असलेले जोसेफ सुबोटनिक यांनी त्यासाठी मूळ कृतीत भर घातली, आणि तिची वेगवान आवृत्ती २०१६ मध्ये सिद्ध करणाऱ्यांत पुढे आयआयटी मुंबईत आलेले अंबर जैन होते.

आणखी एक गोष्ट या पद्धतीच्या हाती लागत नाही. शंकुछेदाभोवती पूर्ण फेरी मारली की इलेक्ट्रॉनांच्या तरंगफलाचे चिन्ह उलटते. ध्रुवित प्रकाशातील याच जातीचा परिणाम बंगळूरचे एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये मांडला, रेणूंमधला लाँग्युए-हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये, आणि १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी या साऱ्याला एक व्यापक चौकट दिली. छेदाच्या दोन्ही बाजूंनी जाणारे तरंगाचे दोन अर्धे पलीकडे भेटतात तेव्हा या चिन्हामुळे एकमेकांना पुसून टाकू शकतात. न्यूटनच्या नियमांनी चालणाऱ्या मार्गांना अशी व्यतिकरणाची क्षमताच नसते.

तिसरी वाट या दोहोंच्या मधली. एरिक हेलर यांनी १९७० च्या दशकात दाखवले की केंद्रकांचा तरंग घंटेच्या आकाराच्या छोट्या पुंजक्यांनी चांगला बांधता येतो आणि या पुंजक्यांचे मध्य जवळजवळ न्यूटनच्या नियमांनी चालतात. टॉड मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी त्यावर मल्टिपल स्पॉनिंग ही पद्धत उभारली: रेणू शंकुछेदाजवळ आला की दुसऱ्या पृष्ठावर नवा पुंजका जन्माला येतो आणि दोघांमधली देवाणघेवाण पुंजभौतिकीच्या समीकरणाने ठरते. खर्च वाढतो, पण सुसंगतीचा प्रश्न बाहेरच्या मलमपट्टीविना हाताळला जातो. या वाटांपलीकडे, २०१० मध्ये अली आबेदी, नीपा मैत्रा आणि हार्डी ग्रॉस यांनी काळानुसार बदलणाऱ्या संपूर्ण तरंगफलाची विभागणी कोणताही अदमास न करता करता येते, असे सिद्ध केले. त्यातून केंद्रकांना एकच, पण काळाबरोबर बदलणारे ऊर्जापृष्ठ मिळते. सुसंगती नेमकी कशी मोडते, याचे उत्तर आता समीकरणातूनच शोधता येते, ही या कामाची मोठी देणगी.

ऊर्जा चुकली की सारे चुकते

गतीची पद्धत कितीही काटेकोर असो, तिला पावलोपावली इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पुरवावी लागते. सरफेस हॉपिंगचे गणित ५०० फेमटोसेकंद चालवायचे आणि पाऊल अर्ध्या फेमटोसेकंदाचे ठेवायचे, तर एका मार्गाला हजार पावले. दोनशे मार्ग घेतले की दोन लाख वेळा इलेक्ट्रॉनांचे समीकरण सोडवावे लागते. म्हणून स्वस्त पद्धतीचा मोह सतत असतो.

स्वस्त पद्धतींत सर्वांत लोकप्रिय आहे ती काळावलंबी घनता-फलक पद्धत, जिचा पाया एरिक रुंगे आणि हार्डी ग्रॉस यांनी १९८४ मध्ये घातला. मध्यम आकाराच्या रेणूंचे वर्णपट ती कमी खर्चात देते. पण मूळ अवस्था आणि पहिली उत्तेजित अवस्था यांच्यातल्या शंकुछेदाचा आकार तिच्या नेहमीच्या रूपात चुकीचा येतो, हे मार्टिनेझ यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. रेणू जिथून खाली उतरतो, तिथलाच नकाशा बिघडलेला निघतो. दुसऱ्या बाजूला ल्युंडच्या ब्यॉर्न रूस यांच्या परंपरेतील बहुसंदर्भी पद्धती शंकुछेद नीट रेखाटतात. मात्र त्यांत कोणत्या कक्षका हिशेबात घ्यायच्या हे संशोधकाला ठरवावे लागते, आणि ती निवड बदलली की निकाल बदलू शकतो.

चांगल्या पद्धतींतही उत्तेजित अवस्थेच्या ऊर्जेत इलेक्ट्रॉन व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी चूक सहज राहते. खोलीच्या तापमानाची ऊष्मीय ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे चूक तिच्या चौपट ते आठपट. एखाद्या पृष्ठावर तेवढी छोटी चढण चुकीने उभी राहिली किंवा नाहीशी झाली, तर रेणूचा तिथला मुक्काम कितीतरी पटींनी बदलतो.

सायक्लोब्युटॅनोनची परीक्षा

या साऱ्याचा कस लागला तो सायक्लोब्युटॅनोन या रेणूवर. चार कार्बनांचे कडे, एका कार्बनला जोडलेला ऑक्सिजन, एकूण अकरा अणू. २०२३ मध्ये संगणकीय रसायनशास्त्रज्ञांपुढे एक आव्हान ठेवले गेले. अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेत या रेणूवर २०० नॅनोमीटरचा अतिनील स्पंद टाकला जाणार होता आणि लाखो व्होल्टनी वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनातून त्याचे अणू कुठे सरकतात हे टिपले जाणार होते. निकाल बाहेर येण्याआधी सिम्युलेशन करून, यंत्राला दिसेल तो विवर्तनाचा संकेत वर्तवायचा आणि जर्नल ऑफ केमिकल फिजिक्सकडे लेख पाठवायचा, ही अट. डझनाहून अधिक गट पुढे आले. सरफेस हॉपिंग, मल्टिपल स्पॉनिंग, एमसीटीडीएचच्या घराण्यातील पद्धती, सगळ्यांनी भाग घेतला.

प्रश्न साधे होते. उत्तेजित रेणू पहिल्या मुक्कामी, म्हणजे प्रकाशाने ज्या पृष्ठावर नेले तिथे, किती काळ राहतो? कडे कुठे फुटते? शेवटी एथिलीन आणि कीटीन किती मिळतात, आणि कार्बन मोनॉक्साइड सोडून तीन कार्बनांचा तुकडा किती वेळा उरतो? कडे कार्बोनिल गटाशेजारी, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनालगत, फुटेल याबद्दल व्यापक सहमती होती. पण पहिल्या मुक्कामाचा काळ काही गटांच्या गणितात काही शे फेमटोसेकंद, तर काहींच्या गणितात अनेक पिकोसेकंद निघाला. उत्पादितांचे प्रमाणही एकसारखे नव्हते. गतीची पद्धत तीच ठेवून केवळ ऊर्जेची पद्धत बदलली, तरी निकाल दूर जात होते.

या फरकाने नाउमेद होण्याचे कारण नाही, असे मला ठामपणे वाटते. उलट, गेल्या अनेक वर्षांत या क्षेत्राला मिळालेली ही सर्वांत उपयोगी माहिती आहे. प्रत्येक गटाने एकट्याने, प्रयोगानंतर लेख लिहिला असता, तर जुळलेली गणिते तेवढी छापली गेली असती आणि अनिश्चितता खरोखर किती आहे ते कळलेच नसते. शिवाय, गतीच्या पद्धती तासून काढण्यात या क्षेत्राने तीन दशके घालवली असली, तरी आज मोठी चूक बहुधा ऊर्जेच्या बाजूला आहे, हे एकाच रेणूवर, सर्वांसमोर दिसले.

इलेक्ट्रॉन स्वतःच धावतात तेव्हा

केंद्रकांची वेळ फेमटोसेकंदांची, तर इलेक्ट्रॉनांची ॲटोसेकंदांची, म्हणजे आणखी हजारपट लहान. २००१ मध्ये प्रथम ॲटोसेकंद स्पंद मोजले गेले आणि त्यामागच्या कामासाठी पियेर अगोस्तिनी, फेरेन्स क्राउस आणि आन लुइये यांना २०२३ चे भौतिकीचे नोबेल मिळाले. इथेही गणित आधी आले होते. १९९९ मध्ये सेडरबाउम आणि झोबेले यांनी वर्तवले की रेणूतून एक इलेक्ट्रॉन अचानक काढला, तर उरलेली धनभाराची पोकळी केंद्रके हलण्याआधीच, केवळ इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधामुळे, रेणूच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. २०१४ मध्ये फ्रान्चेस्का कालेगारी आणि सहकाऱ्यांना फेनिलॲलनिन या अमिनो आम्लात सुमारे ४.३ फेमटोसेकंदांची आंदोलने दिसली. दोन अवस्थांमध्ये साधारण एक इलेक्ट्रॉन व्होल्टचे अंतर असेल तर एवढाच आवर्तकाळ येतो.

सुरुवातीच्या बहुतेक गणितांत केंद्रके स्थिर धरलेली होती. इतक्या थोड्या वेळात ती काय हलणार, हा त्यामागचा विचार. पण केंद्रके न हलताही त्यांचे स्थान पुंजभौतिकीनुसार थोडे पसरलेले असते आणि त्या पसाऱ्यातल्या प्रत्येक जागी अवस्थांमधले अंतर किंचित वेगळे असते. रॉब यांच्या गटाने आणि हॅम्बुर्गच्या गटाने २०१७ मध्ये केंद्रके पुंजभौतिकीने हाताळून दाखवले की त्यामुळे आंदोलने अनेक रेणूंत काही फेमटोसेकंदांतच विझतात. इलेक्ट्रॉनांचा प्रश्न म्हणून सुरू झालेला अभ्यास असा पुन्हा दोघांच्या एकत्रित हिशेबावर येऊन पोहोचला.

अर्थ लावण्याची घाई कशी अंगाशी येते, हे प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातही दिसले. २००७ मध्ये हिरव्या गंधक-जिवाणूंच्या एका प्रथिनात ७७ केल्व्हिनला दीर्घकाळ टिकणारी आंदोलने आढळली आणि ऊर्जा वाहून नेण्यासाठी निसर्ग इलेक्ट्रॉनांची सुसंगती वापरतो असा निष्कर्ष जगभर पसरला. पुढच्या दशकातील काटेकोर मोजण्यांनी आणि सिम्युलेशननी ती आंदोलने प्रामुख्याने केंद्रकांच्या कंपनांची असल्याचे दाखवले. इथे गणिताचे काम प्रयोगाला साथ देण्याचे नव्हते. सोयीचा अर्थ खोडून काढण्याचे होते.

नवी साधने

ऊर्जेचा खर्च कमी करण्यासाठी मशीन लर्निंग आले आहे. काही हजार अचूक गणितांवरून न्यूरल नेटवर्क ऊर्जापृष्ठ शिकते आणि मग क्षणार्धात ऊर्जा सांगते. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या युलिया वेस्टरमायर, फिलिप मार्केटांड आणि सहकाऱ्यांनी एका लहान आयनाची प्रकाशाने सुरू झालेली हालचाल पूर्ण एक नॅनोसेकंद, म्हणजे दहा लाख फेमटोसेकंद, चालवून दाखवली. मात्र शिकवणारी पद्धतच चुकत असेल, तर नेटवर्क ती चूक तितक्याच वेगाने गिरवते. आणि शंकुछेदाच्या टोकाशी पृष्ठाला जो कोपरा असतो, तो शिकणे नेटवर्कला सर्वांत जड जाते.

दुसरे साधन म्हणजे पुंजयंत्रे. २०२३ मध्ये सिडनी विद्यापीठात विद्युतक्षेत्राने धरून ठेवलेल्या एकाच आयनात शंकुछेदाभोवतीची हालचाल घडवली गेली, तीही १०,००० कोटी पटीने संथ करून. चिन्ह उलटल्यामुळे तरंगाचे दोन अर्धे एकमेकांना पुसतात, हे त्यात थेट दिसले. ही अजून थोड्या कंपनांची, सोप्या नमुन्यांची कामे आहेत. पण आयनाची कंपने मुळातच पुंजभौतिकीने चालतात, त्यामुळे तिथे जाळीतल्या आकड्यांचा स्फोट होत नाही. ही दिशा मला आश्वासक वाटते.

भारतातही या विषयाची परंपरा आहे. आयआयटी कानपूरमध्ये एन. सत्यमूर्ती यांनी टकरींचे तरंगगणित रुजवले, हैदराबाद विद्यापीठात सुशांत महापात्र यांचा गट एमसीटीडीएच वापरतो आणि कोलकात्यात सत्रजित अधिकारी बॉर्न-ओपेनहायमर विभागणीपलीकडचे गणित करतात. १९८८ पासून पुण्यात असलेल्या सी-डॅकने बांधलेला परम ब्रह्म हा महासंगणक पुण्याच्याच आयसरमध्ये उभा आहे. सिम्युलेशनला प्रचंड प्रयोगशाळा लागत नाही. संगणक, चांगले विद्यार्थी आणि चिकाटी लागते. त्यामुळे जागतिक भाकितस्पर्धांत आपल्या गटांनी उतरणे सहज शक्य आहे आणि त्यांनी उतरावेच.

पुढे काय हवे

या आढाव्यातून माझ्यापुढे तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रत्येक सिम्युलेशनने निदान दोन स्वतंत्र ऊर्जापद्धतींनी आपला निकाल तपासावा आणि दोन्हींतला फरक लेखात छापावा. एकच आकडा देणे म्हणजे वाचकापासून अर्धी माहिती लपवणे. दुसरी, कोणत्या अवस्थेत किती रेणू उरले याचा आलेख देऊन थांबू नये. यंत्र जे मोजते तो संकेत, विवर्तन असो वा फोटोइलेक्ट्रॉनांचा वर्णपट, गणितातूनच काढावा, कारण तुलना तिथेच प्रामाणिक होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, सायक्लोब्युटॅनोनसारख्या परीक्षा अपवाद न राहता दर काही वर्षांनी व्हाव्यात: वेगळा रेणू, वेगळे यंत्र, निकाल बंद लिफाफ्यात. सौरघटांसाठी नवे रंगद्रव्य, त्वचेला जपणारे लेप, प्रकाशाने चालू-बंद होणारी औषधे, या सर्वांची रचना आधी संगणकावर करायची असेल, तर संगणकाचे आधी सांगणे किती खरे ठरते याचा उघड हिशेब हवा. पद्धती हाताशी आहेत. त्यांच्यावरचा भरवसा मात्र असा परीक्षेतूनच कमवावा लागेल.